मैदानाचा वॉशआउट

गेल्या वर्षी याच दिवाळी अंकात माझ्यावर एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक आमच्या दौंडच्या शाळेचा माजी विद्यार्थी असून पुण्यात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला आहे. त्याच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. त्याच्या माहितीविषयी आहे. शिरूरला झालेल्या एका फुटबॉल सामन्याबद्दल त्याने चार विधाने केली आहेत. सरांनी जायबंदी खेळाडूला स्वतःच्या दोन्ही हातांवर उचलून मैदानाबाहेर आणले. ते पाहून संघ पेटून उठला आणि जिंकला. मुलांना विश्रांती हवी हे तालुक्यात प्रथम सरांनी ओळखले. आणि सर आयुष्यात कधी खोटे बोलले नाहीत.

चारही विधाने चुकीची आहेत. मी संपादकांना तसे कळवले. ते म्हणाले, "सर, तुमचं कौतुकच केलंय. खुलासा कशाचा करायचा?" खोट्या निंदेचा खुलासा करावा आणि खोट्या स्तुतीचा मात्र करू नये, हा कुठला न्याय? शेवटी त्यांनी या वर्षी मला पाने दिली. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे, आणि त्या पानांवर मी काय लिहिणार आहे हे त्यांनी विचारले नाही, याबद्दल अधिक आभारी आहे.

शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणजे काय, हे आजच्या वाचकांना सांगावे लागेल. गणिताच्या शिक्षकाला खडू आणि फळा पुरत असे. मला मैदान तयार करावे लागे. फक्कीने रेघा मारणे, चेंडूत ब्लॅडर भरून पंपाने फुगवणे, कातडी वादी ओवून त्याचे तोंड शिवणे आणि शिवण उसवली की पुन्हा शिवणे ही माझी कामे. पावसात भिजलेला कातडी चेंडू डोक्यावर घेतला तर मान महिनाभर लक्षात ठेवी. बूट मोजक्याच मुलांकडे होते. बाकीची कॅनव्हासच्या जोड्यांत किंवा अनवाणी. आणि मैदान! दौंडचे आमचे मैदान रेल्वेच्या इंजिनशेडमागे होते. मूळची मुरमाड जमीन, तिच्यावर इंजिनांची जळकी राख टाकून सपाट केलेली. पडलेल्या मुलाच्या गुडघ्यात शिरलेला काळा ठिपका कायमचा राही. साठीपलीकडचा दौंडकर त्या वेळी फुटबॉल खेळला होता की नाही, हे मी आजही त्याचे गुडघे पाहून सांगू शकतो.

मी केंदूरचा, शेतकऱ्याचा मुलगा. दौंडला रुजू झालो तेव्हा तिथे फुटबॉल हे पावसाळी पीक होते. जूनमध्ये चेंडू बाहेर निघे आणि दिवाळीला कपाटात जाई. थंडीत मुले हुतूतू खेळत, विटीदांडू खेळत, आणि उन्हाळ्यात मामाच्या गावी जाऊन विहिरीत उड्या मारत. शिरूरलाही तसेच होते. तिथले घाडगे मास्तर दिवाळीनंतर मुलांना सरळ सांगत, "जा आता, बाजरीच्या खळ्यावर जा. आखाडात भेटू."

मी हे सारे बंद केले. आमच्या शाळेत फुटबॉल बारा महिने सुरू झाला. सकाळी शाळेआधी, संध्याकाळी शाळेनंतर, रविवारी दोन्ही वेळ, मे महिन्यातसुद्धा. ही कल्पना मला शेडने दिली. वाफेचे इंजिन थंड पडले की पुन्हा पेटवून वाफ धरायला तासन्‌तास जातात, म्हणून गाडी नसली तरी त्याच्या पोटात विस्तव राखून ठेवतात, हे मी रोज पाहत होतो. मी मुलांना सांगत असे, "इंजिन थंड पडू द्यायचे नाही." मला हे वाक्य फार आवडे. ते मी शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतले होते.

दुसरे एक वाक्य मी रंगवले नव्हते, पण ते भिंतीवरच्या वाक्याहून अधिक पाठ झाले होते. रोज सकाळी मुले रांगेत उभी राहिली की मी विचारत असे, "दुखतंय का?" आणि सारी रांग एका आवाजात उत्तर देई, "न्हाई दुखत, सर!" त्यानंतरच धावणे सुरू होई. तो आवाज रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टर्सपर्यंत जाई, आणि कॉलनीतल्या बायका त्यावर घड्याळ लावत, असे म्हणत.

दोन वर्षांत आम्ही आसपासच्या सगळ्या शाळा हरवल्या. ते मी नाकारणार नाही. मात्र त्याच दोन वर्षांत माझ्याकडे वेगळीच गिऱ्हाइके येऊ लागली. एका फिटरची बायको एकदा भर वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

"मास्तर, माझं पोरगं उकिडवं बसंना."

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हंजी काय इचारता? सकाळच्याला बसंना! उभ्या उभ्या कसं जमायचं त्याचं?"

वर्ग हसला. मी मुलाला बोलावून पाहिले. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला सुपारीएवढे टेंगूळ होते. बोट लावले की मुलगा हिसका देई. मी निदान केले: वाढीचे दुखणे. उपाय सांगितला: हळद आणि गरम तेल. त्या वर्षी अशी टेंगळे आणखी काही मुलांना आली. काहींच्या टाचा सकाळी जमिनीला टेकेनात. मी प्रत्येकाला तेच निदान आणि तेच तेल दिले. रांगेत मात्र सर्वांना विचारत राहिलो, आणि रांग मला नेमाने खोटे सांगत राहिली.

आता त्या सामन्याकडे येतो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षे झाली होती. दसऱ्यानंतरच्या रविवारी शिरूरला आमचा सामना होता. शिरूरच्या मैदानावर आम्ही तोवर एकदाही जिंकलो नव्हतो. बाकी सारा मुलूख जिंकलेल्या माणसाला एक न जिंकलेली टेकडी जशी टोचावी, तसे ते मैदान मला टोचत होते. त्या वर्षी माझ्याकडे सिद्धार्थ होता. पंधरा वर्षांचा, सडपातळ, डाव्या पायाचा. त्या डाव्या पायाला मी स्वतः घडवले होते. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर रोज शंभर फटके, आणि त्यानंतर राखेच्या रस्त्याने स्टेशनपर्यंत दौड.

सामन्याला चार दिवस उरले असताना सिद्धार्थ सरावाला यायचा थांबला. दोन दिवस वाट पाहून शुक्रवारी संध्याकाळी मी त्याच्या क्वार्टरवर गेलो. त्याचे वडील गंगाराम हे शेडमध्ये बॉयलरच्या कामावर होते. कॉलनी त्यांना आप्पा म्हणे आणि मुलगाही आप्पाच म्हणे. ते नुकतेच कामावरून आले होते. कोपरापर्यंत हात धुतलेले, पण नखांत काजळी. "जयभीम मास्तर, या," म्हणून त्यांनी खाट झटकली. सिद्धार्थ चटईवर डावा पाय लांब करून बसला होता. मला पाहताच तो उठू लागला.

मी म्हणालो, "काय रे, दोन दिवस पत्ता नाही तुझा?"

"न्हाई दुखत, सर," तो म्हणाला.

आप्पा हसले. "बगा मास्तर. तुम्ही कुठं इचारलंत त्याला, दुखतंय का म्हनून?"

मला राग आला. पण आप्पांनी मला बोलू दिले नाही. ते मुलाच्या पायाशी बसले आणि मधल्या बोटाने त्याच्या नडगीवर हलकेच टिचक्या मारू लागले. घोट्यापासून वर, बोटबोट अंतर सोडून. सिद्धार्थ शांत होता. नडगीच्या मध्याखाली एका जागी बोट पडले आणि त्याच्या पायाची पाचही बोटे आत वळली. आप्पा वर गेले, काही नाही. पुन्हा त्या जागी आले. पुन्हा बोटे वळली.

"हितं," आप्पा म्हणाले. "स्टे मोडलाय."

"एक्स-रे काढला का?"

"काढला की. काय बी न्हाई म्हनत्यात."

"मग झाले तर!"

"झालं कसं? इंजिनातला मोडलेला स्टे बी भाईरनं दिसत न्हाई."

मी त्यांना माझे तत्त्व सांगितले. ऐन सामन्याच्या वेळी विश्रांती दिली तर अंग जड होते. पेटलेले इंजिन थंड पडू द्यायचे नसते. आप्पांनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

"हे तुमास्नी कुनी शिकवलं?"

"तुमच्याच शेडने," मी म्हणालो.

"मंग शेडनं अर्धंच शिकवलं. उद्या सकाळी या. फोरमनला मी इचारून ठेवतो."

शनिवारी सकाळी मी शेडमध्ये गेलो. इतकी वर्षे शेडच्या पाठीशी राहून मी कधी थंड इंजिन पाहिले नव्हते, हे मला तिथे उभे राहिल्यावर कळले. धूर नाही, धग नाही, फुसफुस नाही. त्या काळ्या धुडाला हात लावला तर ते देवळातल्या नंदीसारखे गार लागले. आप्पांनी मला जे समजावले ते थोडक्यात असे. इंजिनच्या पोटात पाणी उकळते, आणि पाण्यातला क्षार आतून साचत जातो. म्हणून ठराविक दिवसांनी प्रत्येक इंजिन, मग ते कितीही गरजेचे असो, गाडीवरून काढायचे. विस्तव उतरवायचा. त्याला सावकाश गार होऊ द्यायचे. मग झाकणे उघडून पाण्याच्या झोताने आतून धुवायचे. याला शेडमध्ये वॉशआउट म्हणत. त्यांनी माझ्या ओंजळीत आतून निघालेली पांढरी खपली ठेवली. ती दगडासारखी टणक होती.

नंतर त्यांनी मला आगीच्या खोक्यात डोकावायला लावले. त्या खोक्याच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यांना बांधून ठेवणारे शेकडो आडवे दांडे असतात, तेच स्टे. आप्पांनी लहान हातोडीने एकेक वाजवत नेला. खण, खण, खण. मग एक बद्द वाजला. तडा गेलेली पितळी घंटा वाजते तसा.

"ह्यो मोडलाय. दिसतोय का?"

दिसत नव्हता. त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली. मी वाजवला. शेजारचा वाजवला. पुन्हा तो वाजवला.

"वॉशआउट चुकवला तर काय होते?" मी विचारले.

"एकांदा चुकवला तर काय बी होत न्हाई. म्हनून तर मान्सं चुकवत्यात."

मी म्हणालो, "आप्पा, उद्याचा एक सामना होऊ द्या. मग महिनाभर त्याला घरी ठेवा."

आप्पांनी हातोडी माझ्याकडून परत घेतली. "मास्तर, गाडीला उशीर हुतोय असं इंजिन कवाच म्हनत न्हाई. डायवर म्हनतो."

शेजारी काम करणारे दोघे खलाशी, म्हणजे शेडमधले मदतनीस, हसले. मलाही हसावे लागले. मी आप्पांना शब्द दिला की सिद्धार्थला शिरूरला नेणार नाही.

इथे मला थांबून लिहिले पाहिजे, कारण पुढची ओळ मी पन्नास वर्षे लिहिलेली नाही. त्याच दुपारी मी संघातल्या एका मुलाच्या हाती सिद्धार्थला चिठ्ठी पाठवली. आमचा ट्रक कॉलनीतून निघणार, तेव्हा आप्पा पाहणार. म्हणून तू सकाळच्या पहिल्या गाडीने पाटसला जा, तिथून शिरूरची एसटी धर. आप्पांना सांगू नकोस. चिठ्ठीत गाडीभाडे गुंडाळले होते. सर आयुष्यात कधी खोटे बोलले नाहीत, असे लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याने हे वाक्य आता खोडून टाकावे.

शिरूरचे मैदान घोड नदीच्या अंगाला होते. आमच्यापेक्षा मऊ, कडेला हरळी. ट्रकमधून उतरताच घाडगे मास्तरांनी हाक दिली. ते शिक्रापूरकडचे, अंगाने आडवे, बोलायला तिखट.

"काय सर, बारमाही बागायत कशी हाय?"

"तुमच्या कोरडवाहूपेक्षा बरी," मी म्हणालो.

"बारमाही पानी दिलं म्हंजी जमीन खारवती बरं का. तुमच्या उसवाल्यास्नी इचारा."

माझे लक्ष रस्त्याकडे होते. थोड्या वेळाने सिद्धार्थ आला. खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा. तो सरळ चालण्याचा प्रयत्न करत होता. चांगले चालणारा मुलगा कधी सरळ चालण्याचा प्रयत्न करत नाही.

मी त्याला कडुनिंबाखालच्या दगडावर बसवले, त्याचा डावा बूट उतरवला आणि नडगीवर पट्टी बांधायला घेतली. मनात फक्त सामना होता, हे मी शपथेवर सांगतो. त्या क्षणी मला करुणा आली, पश्चात्ताप झाला, असे काहीही झाले नाही. पट्टीचा पहिला वेढा देण्याआधी माझ्या मधल्या बोटाने आपण होऊन त्याच्या नडगीवर टिचकी मारली. आदल्या दिवशी हातोडी धरलेला हात होता तो. शिकलेली गोष्ट करून पाहत होता. मी वर सरकलो. त्या जागी आलो. सिद्धार्थची बोटे आत वळली.

"दुखतंय का?" मी विचारले.

"न्हाई दुखत, सर!"

रांगेत म्हणत असे तसेच म्हणाला. तोच ठणठणीत सूर. पण मी खाली बसलो होतो, त्यामुळे त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि ते भरून आले होते. रांगेसमोर उभे राहणाऱ्या माणसाला मुलांचे डोळे इतक्या जवळून दिसत नाहीत. त्या एका आवाजात किती मुले बद्द वाजत होती, हे मला त्या दगडापाशी कळले.

"दुसरा बूटही काढ," मी म्हणालो.

"सर, मी खेळतो की. खरंच न्हाई दुखत."

"दोन्ही बूट पिशवीत ठेव, आणि इथून उठू नकोस."

पट्टी मात्र मी पूर्ण बांधली. का ते सांगता येणार नाही. हाताला काहीतरी काम हवे होते.

संघ पेटून वगैरे उठला नाही. आम्ही तीन-शून्य हरलो, आणि तिसरा गोल तर आमच्याच मुलाच्या ढोपराला लागून गेला. सिद्धार्थला मी हातांवर उचलून आणले नाही. तो मैदानात उतरलाच नव्हता. सामना संपल्यावर त्याला ट्रकपर्यंत चालवेना, तेव्हा घाडगे मास्तरांनी आपली सायकल आणली, त्याला कॅरिअरवर बसवले आणि स्वतः हँडल धरून चालत सोडले. वाटेत ते मला एकच वाक्य बोलले: "सर, बसवलंत हे ब्येस केलंत." तेच घाडगे मास्तर पुढे शिरूरच्या एका सत्कार समारंभात, भरल्या सभागृहात म्हणाले की दौंडकरांनी हुकमी एक्का मुद्दाम झाकून ठेवला, हरल्यावर सांगायला कारण असावे म्हणून! सभा हसली. ते विनोदाने म्हणाले, हे मला मान्य आहे. पण शिरूरमध्ये अजूनही तो इतिहास म्हणून सांगतात, म्हणून लिहून ठेवतो: एक्का झाकलेला नव्हता, तुमच्याच सायकलवर बसलेला होता. आणि ज्यांना मी हंगामी मास्तर म्हणून हिणवत होतो, त्यांच्या खळ्यावर बाजरी झोडणाऱ्या एकाही मुलाच्या गुडघ्याला टेंगूळ नव्हते. हे मला दिसत असूनही मी पाहिले नाही. घाडगे मास्तर आता नाहीत. त्यांचे ऋण उघडपणे मान्य करायला मला उशीर झाला.

दिवेलागणीला ट्रक दौंडला पोचला. मी सिद्धार्थला आधार देत क्वार्टरवर नेले. आप्पा दारात उभे होते. दिवसभर मुलगा कुठे आहे याचा त्यांनी शोध घेतला असणार. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिले, मग पट्टीकडे, मग माझ्याकडे. मी तोंड उघडण्याआधी सिद्धार्थ बोलला.

"आप्पा, सरांनी न्हाई बोलवलं. मी मनानंच गेलतो. सरांनी मला खेळू बी दिलं न्हाई."

त्यातले शेवटचे वाक्य खरे होते. बाकीचे खोटे होते, आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी माझी होती. मी पस्तिशीचा, पदवीधर, शब्दाचा पक्का म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस, पंधरा वर्षांच्या मुलाच्या खोट्याआड उभा राहिलो. गेल्या वर्षीच्या लेखाची जन्मकथा तीच आहे. सिद्धार्थने ते सगळ्यांना तसेच सांगितले, आणि मी कुणालाही अडवले नाही.

आप्पांनी मुलाला धरून खाटेवर बसवले. मग म्हणाले, "मास्तर, ह्याच्या खिशात कवा दिडकी नसती. शिरूरपतुर ह्यो कसा पोचला, ते मी इचारत न्हाई." आणि आत वळून म्हणाले, "मास्तरास्नी चा ठेवा."

त्या घरी मी चहा त्या दिवशी प्रथम घेतला. त्याआधी दोन-तीनदा मी त्यांच्या दारात गेलो होतो आणि दरवेळी घाईचे निमित्त सांगून निघालो होतो. ते निमित्त कशाचे होते, ते माझ्या पिढीच्या वाचकांना सांगायला नको. त्या कपाबद्दल मी कृतज्ञ आहे. तो मला दिला जावा असे मी त्या दिवशी काहीच केलेले नव्हते.

तीन आठवड्यांनी आप्पा आणि मी सिद्धार्थला पुण्याला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. नव्या एक्स-रेमध्ये नेमक्या त्या जागी केसासारखी रेघ होती, आणि तिच्या कडेला नवे हाड धरू लागले होते. डॉक्टरांनी समजावले की हाड रोज थोडे थकते आणि विश्रांतीत भरून निघते. भरायला वेळच दिला नाही तर आत तडा जातो. तो पहिल्या आठवड्यांत प्लेटवर दिसत नाही. भरू लागला म्हणजे दिसतो. वाढत्या मुलांची हाडांची टोके कच्ची असतात आणि स्नायू ती रोज ओढतात. गुडघ्याची टेंगळे आणि टाचांचे दुखणे ही त्याचीच भावंडे. मग त्यांनी मला विचारले, "तुमच्याकडे मुलांना सुटी कधी असते?"

मी अभिमानाने म्हणालो, "सुटी नसते. तेच आमचे वैशिष्ट्य आहे."

"हो, ते प्लेटमध्ये दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी तो खेळला असता तर ही रेघ आरपार गेली असती का, असे आप्पांनी विचारले. डॉक्टर म्हणाले, तसे होऊ शकले असते, आणि मग पाय सरळ जुळलाच असता याची खात्री त्यांनी दिली नसती. परतीच्या गाडीत आप्पा खिडकीशी बसून झोपले. मी दौंडपर्यंत जागा होतो.

त्यानंतर आमच्या शाळेत मैदानाचा वॉशआउट सुरू झाला. दिवाळी ते संक्रांत चेंडू कपाटात. एप्रिल-मेमध्ये फुटबॉल नाही. बाकीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा पूर्ण सुटी, आणि टाकीच्या भिंतीवरचे शंभर फटके कायमचे बंद. भिंतीवरचे वाक्य मी पुसून टाकले. सकाळच्या रांगेतला तो प्रश्नही बंद केला. त्याऐवजी मी रांगेच्या कडेने उकिडवा बसत जाऊन एकेकाची नडगी आणि गुडघा वाजवून पाहू लागलो. मुले गुदगुल्या झाल्यासारखी हसत. पाव तास मोडे, मोडू दिला. काही महिन्यांनी फिटरची बायको पुन्हा वर्गाच्या दारात आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मास्तर, बसतंय आता!" वर्ग पुन्हा हसला. माझ्या नोकरीत मला मिळालेले ते सर्वोत्तम प्रशस्तिपत्र होय. सिद्धार्थ पुढच्या पावसाळ्यात खेळला, आणि त्या वर्षी आम्ही शिरूरला एका गोलने जिंकलो. गोल त्याचा नव्हता. त्याने दिलेल्या पासवर दुसऱ्याने केला.

आता तिसरे विधान. मुलांना विश्रांती हवी हे तालुक्यात प्रथम मी ओळखले, असा समज पसरला, याला जबाबदार मी आहे. शिक्षकांच्या एका शिबिरात मी ही पद्धत फळ्यावर मांडून समजावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती मला कुणी शिकवली, असे कुणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. ती दौंडच्या इंजिनशेडमधल्या गंगाराम आप्पांनी शिकवली. त्यांनी ती मला फुकट दिली, आणि माझ्या नावावर चालू दिली. ते असेतोवर हे छापून यायला हवे होते.

सिद्धार्थही पुढे शेडमध्ये लागला. वाफेची इंजिने गेली, डिझेलची आली, तीही त्याने सांभाळली. आता तोही निवृत्त आहे आणि सकाळी फिरून येताना माझ्याकडे चहाला थांबतो. हा लेख मी त्याला वाचून दाखवला. चिठ्ठीचा भाग आल्यावर त्याने मला थांबवले.

"सर, हे कशाला छापता? आप्पांना ठाऊक होतं की."

"तुला काय माहीत?"

"त्याच दिवशी तुम्ही गेल्यावर मला म्हनले, पोरा, खोटं नीट बोलत जा, चिठ्ठी खिशातच हाय तुझ्या."

मी लेखाचे कागद खाली ठेवले. मग विचारले, "आणखी काय म्हणाले?"

"तुम्ही नडगी वाजवून पाह्यली ते मी सांगितलं, तर म्हनले, मास्तरानं शब्द मोडला, पर हातोडी वाजवायला शिकला. आता बाकीची पोरं वाचतील."

हे वाक्य माझ्यापासून पन्नास वर्षे दडवून ठेवल्याबद्दल मी सिद्धार्थवर चिडलो. तो म्हणाला, तुम्ही कधी विचारलंत का? हा मुद्दा मी त्याला मान्य केलेला नाही.

मग मी चहाचे कप आत ठेवायला उठलो, आणि उठताना खुर्चीचा हात धरला. अलीकडे धरावा लागतो. सिद्धार्थने मला पुन्हा बसवले, समोर उकिडवा बसला आणि मधल्या बोटाने माझ्या नडगीवर टिचक्या मारत वर आला. गुडघ्याशी थांबला.

"दुखतंय का, सर?"

"हो," मी म्हणालो. "दुखतं."